कीर्तन सुरू, हब बंद

“लिहा संतराम,” सोनाजीराव डोळे मिटून म्हणाले, “सोनाजीराव टेकाळे. अख्ख्या मराठवाड्यातला एकमेव उपजत गुप्तहेर. गरुडाची नजर, मुंगसाची चपळाई आणि स्मरणशक्ती... स्मरणशक्ती कोणाची चांगली असते हो?”

“हत्तीची.”

“हां, हत्तीची. मी सांगणारच होतो, विसरलो.”

मी लिहिलं. हा मजकूर मी आजवर पुष्कळदा लिहिला आहे. दर खेपेला एक प्राणी वाढतो.

सोनाजीराव एसटीतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. औंढा, वसमत, आखाडा बाळापूर या रस्त्यांवर गाड्या थांबवण्यात त्यांची हयात गेली. नुसता चेहरा बघून माणसाकडे तिकीट आहे की नाही ते सांगतो, असा त्यांचा दावा. चेहऱ्यावरून पकडलेल्याने खिशातून तिकीट काढून दाखवलं की ते म्हणत, “आज काढलंय. पण याचा स्वभाव बघा.” निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून त्यांनी दारावर ‘गुप्तहेर’ अशी पाटी लावली. गुप्तहेराने पाटी लावू नये, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी पाटी मोठी करून घेतली.

मी त्यांचा सहाय्यक कसा झालो, तर त्यांना मोटारसायकल येत नाही आणि माझ्याकडे आहे. बाकी मी एक साधा किराणा दुकानदार आणि त्याहून साधा टाळकरी. मृदंगावर पहिली थाप पडली की माझं दुकान, उधारी, गुडघे सगळं मागे राहतं. कीर्तनात महाराज एखादा दृष्टांत सुरू करतात, पुढं काय होणार ते मांडवातल्या म्हातारीलासुद्धा माहीत असतं, तरी सगळा मांडव श्वास धरून बसतो. त्या धरलेल्या श्वासासाठी मी वर्षभर वाट बघतो. म्हणून आमच्या सप्ताहात जे घडलं ते मला फार लागलं. नाहीतर सोनाजीरावांच्या चौकशीत मी एरवी मन घालत नाही, फक्त पेट्रोल घालतो.

आमचं गाव औंढ्याहून वसमतला जाताना लागतं. म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक मारला तर लागतं. हळद शिजवून, वाळवून झाली की आम्ही सप्ताह बसवतो. मांडव, माईक आणि जनरेटर इस्माईलभाईंचा. त्यांच्या वडिलांनी इथं कीर्तनाला गॅसबत्त्या लावल्या होत्या, तेव्हापासून हे काम त्या घरात आहे. इस्माईलभाईंच्या मुलीने, समरीनने, वसमतला कॉम्प्युटर शिकून घेतलं आणि मागच्या सालापासून सप्ताह मोबाईलवर, टीव्हीवर लाईव्ह दाखवायला सुरुवात केली. पुण्याला गेलेली पोरं बघू लागली. शेतावर राखणीला असलेले बघू लागले. आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या नर्मदाबाई, म्हणजे सोनाजीरावांच्या आई, त्या तर टीव्हीपुढं हात जोडून बसू लागल्या.

समरीनच्या लॅपटॉपला वायरी लावायची भोकं कमी. म्हणून तिनं एक हब आणला होता. हब म्हणजे एका भोकातून चार भोकं काढणारी लहानशी काळी डबी. तिला कॅमेरा, इस्माईलभाईंच्या मिक्सरची वायर आणि इंटरनेटची कांडी जोडलेली. यंदा पहिल्या दिवशी सकाळी सगळं झकास चाललं. पारायण दिसलं, हरिपाठ दिसला. संध्याकाळी महाराज कीर्तनाला उभे राहिले आणि गावोगावचे पडदे काळे झाले. समरीन धावत आली, वायरी काढून घातल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला. जरा वेळ दिसलं, पुन्हा गेलं. कीर्तन संपल्यावर हब आपोआप शहाण्यासारखा चालू.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, असं सहाव्या दिवसापर्यंत. दिवसभर ठणठणीत, कीर्तनाला मढं.

सप्ताह मंडळाचे अध्यक्ष गुलाबचंद शेठ. आडत दुकान त्यांचं, आवाजही तसाच, लिलावाचा. त्यांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यात इंग्रजीत आलेली पाटी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पॉवर लिहून आलंय. पॉवर कोणाची? जनरेटरची. जनरेटर कोणाचा?”

पुढचं ते बोलले नाहीत. न बोललेलं जास्त ऐकू गेलं.

इस्माईलभाई म्हणाले, “शेठजी, जनरेटर खराब असता तर माईक बंद पडला असता, बत्त्या गेल्या असत्या. सगळं बराबर चालू हाय. फक्त हेच काहून बंद पडून राहिलं?”

“तेच तर मी विचारून राहिलो, काहून?” शेठ म्हणाले. “काल्याचं कीर्तन असंच गेलं तर पुढच्या सालापासून लाईव्हला हिंगोलीहून माझा पुतण्या येईल. अन् मग माईक एकाकडं, लाईव्ह दुसऱ्याकडं असली तकलीफ नको. सगळं एकाकडंच देऊ.”

समरीनने मान वर केली नाही. वायर गुंडाळत राहिली, पण ती एकच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होती.

इस्माईलभाईंचा चेहरा मला बघवला नाही. म्हणून मीच म्हणालो, “शेठजी, आपल्या गावात गुप्तहेर असताना आपण असा निकाल कसा देऊ?” हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाटलं, संतराम, हे काय करून बसलास.

सोनाजीराव तेवढ्यात उभे राहिले होते.

* * *

मांडवात सोनाजीरावांना आधीच एक अधिकार मिळालेला होता. महाराजांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “कीर्तनात मोबाईल वाजला तर मी तिथंच थांबेन.” म्हणून मंडळाने ठरवलं की कीर्तन उभं राहायच्या आधी टाळकऱ्यांनी आणि पुढच्या मंडळींनी मोबाईल जमा करायचे. जमा कोण करणार? ज्याने आयुष्यभर लोकांना खिशात हात घालायला लावला तोच. सोनाजीराव टोपलं घेऊन फिरत. लोक हसत हसत मोबाईल देत. स्वतःहून मोबाईल देणारी एवढी माणसं मी जन्मात बघितली नव्हती. सत्संगाचा परिणाम म्हणून मी हात जोडले. टोपलं लॅपटॉपच्या टेबलाखाली जाई. टेबलावर जमिनीपर्यंत भगवं कापड होतं, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नसे. सोनाजीराव शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसत.

तर अशा जबाबदार अधिकाऱ्याने तपास हाती घेतला. पहिलं काम म्हणून त्यांनी हब भिंगाखाली धरला.

“पिवळा!” ते ओरडले. “संतराम, डबीवर पिवळा अंगठा!”

खरोखरच हबवर हळदीचा ठसा होता.

“आता सोपं आहे,” सोनाजीराव म्हणाले. “ज्याच्या हाताला हळद, तो गुन्हेगार.”

“सोनाजीराव, सगळ्या गावाने हळद काढलीय.”

“मग सगळं गाव संशयित. व्याप्ती वाढली, एवढंच.”

तीन गल्ल्यांमध्ये आम्ही लोकांचे हात बघत हिंडलो. पिवळे हात, पिवळी धोतरं, एका घरी तर पिवळी मांजर. शेवटी समरीन म्हणाली, “काका, तो अंगठा माझा हाय. अम्मीला हळद भरू लागून मी इकडं आले.”

सोनाजीराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “कबुली.”

“अहो, डबी तिचीच आहे!”

“तेही खरंच,” ते नाइलाजाने म्हणाले आणि भिंग पुन्हा हबला लावलं. या वेळी त्यांना बाजूचं एक बारीक गोल भोक सापडलं. इतर भोकं चपटी, हे एकटंच गोल. त्यात कुठलीच वायर नव्हती.

“बाकीच्या भोकांना काम आहे. याला का नाही? जो गाडीत बसून काहीच करत नाही, त्याच्याकडे तिकीट नसतं,” सोनाजीराव कुजबुजले. “हा कान आहे. यातून कोणीतरी आपलं ऐकून राहिलंय. ओढ्यापलीकडचं गाव! त्यांच्या सप्ताहाला माणूस जमत नाही. कीर्तन ते या भोकातून ओढून घेतात आणि आपल्याकडे काही उरत नाही.”

ते भोकाला तोंड लावून मोठ्याने म्हणाले, “ऐकताय काय रे? सोनाजीराव बोलतोय!”

समरीन तोंडावर ओढणी धरून म्हणाली, “काका, ते चार्जर लावायचं भोक हाय. याचा चार्जर वेगळा येतो. दुकानदारानं न्हाई दिला. लॅपटॉपवरच चालतंय म्हणला.”

“चालतंय का?”

समरीनचं हसू गेलं. “मागच्या साली तर चाललं. दिवसभर चालतंच की. मी घरी नेऊन पण बघितलं, चालतं. कीर्तन सुरू झालं की मी अब्बूच्या मिक्सरपाशी आवाज जुळवायला जाते, तेवढ्यात जातं. अब्बूनं वायरी बदलल्या. मी कॅमेरा बदलला.” ती थांबली. “अब्बू रात्री जेवून न्हाई राहिले, काका. म्हणतात, माझ्या बापाची बत्ती कधी विझली नव्हती.”

सोनाजीरावांनी भिंग खिशात ठेवलं. असं मन द्रवलं की त्यांची बुद्धी आणखी जोरात धावते. हे फार धोक्याचं असतं.

* * *

“रेकॉर्डिंग!” ते म्हणाले. “जिथं तुटतं तिथपर्यंतचं ऐकवा.”

समरीनने सगळ्या दिवसांची रेकॉर्डिंग लावली. महाराज उभे राहतात, हार घातला जातो, टाळ जुळतात, मृदंगाची थाप पडते, आणि पडदा काळा होण्याच्या क्षणभर आधी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, पुरुषी आवाजात, कण्हल्यासारखं ऐकू येतं, “आई गं...”

दुसऱ्या दिवशीही, “आई गं...”

तिसऱ्या दिवशी जरा लांबवून, “आऽई गं...”

आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटत होता. मी सोनाजीरावांकडे बघितलं. ते आवाज तिसऱ्यांदा ऐकत, भिंगातून लॅपटॉपच्या स्पीकरकडे बघत होते.

“संतराम, माणूस वेदनेत आहे. का? करंट बसला! लॅपटॉपवर काय आलं होतं? पॉवर! म्हणजे रोज कीर्तनाच्या वेळी एक माणूस येतो, हबला बोट लावतो, त्याला करंट बसतो, तो आईची आठवण काढतो आणि पळून जातो.”

“आणि दुसऱ्या दिवशी परत येतो?”

“सवय,” सोनाजीराव म्हणाले.

मग जे झालं ते आमच्या गावात बरीच वर्षं सांगितलं जाईल. सोनाजीरावांनी पारावर पुरुष मंडळी रांगेत उभी केली आणि एकेकाला “आई गं” म्हणायला लावलं. चौकातून जाणाऱ्या एका जीपवाल्याने गाडी थांबवून विचारलं, कोण गेलं म्हणून. कोणाचं “आई गं” फार लाडात आलं, कोणाचं फार रागात. एकजण म्हणाला, माझी आई इथंच उभी हाय, मला लाज वाटते. मी म्हटलं तेव्हा सोनाजीराव बराच वेळ माझ्याकडे रोखून बघत राहिले आणि म्हणाले, “जवळपास. पण तुमच्यात दुःख कमी आहे.”

गुलाबचंद शेठ म्हणाले तेव्हा ते “आई गं, पन्नासला एक, पन्नासला दोन” असं म्हणाल्यासारखं वाटलं. त्यांना सोडलं.

मग इस्माईलभाई पुढं आले. सगळ्यांना काय वाटत होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

इस्माईलभाई म्हणाले, “सोनाजीराव, म्हणायला मी म्हणीन. पण करंट बसला तर माझ्या तोंडून ‘या अल्ला’ निघतं. जनरेटरवाला हाय मी, पुष्कळ वेळा बसलाय. आईची आठवण काढायला वेळच नसतो.”

“बरोबर!” सोनाजीरावांनी टाळी वाजवली. “इस्माईलभाई, निर्दोष! पुराव्यानिशी!”

आयुष्यात सोनाजीरावांनी काढलेला हा एकमेव बरोबर निष्कर्ष, आणि तोसुद्धा चुकीच्या वाटेने.

पण गुलाबचंद शेठ एवढ्याने ऐकणारे नव्हते. “रेकॉर्डिंग कोणापाशी असतं? त्या पोरीपाशी. आवाज तिनंच मागून टाकला असेल. आजकाल कॉम्प्युटरमध्ये काय बी करता येतं.”

समरीन पाराच्या खाली उभी होती. तिने ऐकलं. “शेठजी,” ती म्हणाली, “मला आवाज टाकायचाच असता तर तुमचा टाकला असता.”

पार हसला. शेठही हसले, पण डोळे सोडून. “उद्या काला,” ते म्हणाले. “बघू.”

* * *

त्या संध्याकाळीही कीर्तनाला पडदे काळे झाले, आणि कीर्तन सुटल्यावर सोनाजीरावांनी मला घरी जेवायला नेलं. चौकशीत अपयश आलं की त्यांना भूक लागते, म्हणून त्यांची तब्येत चांगली आहे. नर्मदाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नव्वदीच्या पुढच्या, पण नजर आणि जीभ दोन्ही अजून कामावर.

“काय रे सोन्या, सापडला का तुला चोर?”

“आई, मोठं जाळं आहे. आंतरगाव.”

“मला फकस्त महाराज दाखव रे बाबा. सात रोज झाले, उभं राहिलेले दिसतात, अन् मग अंधार. सगळ्या जन्मात एक कीर्तन चुकवलं न्हाई मी. बाळंतपणात सुद्धा खिडकीतून ऐकलं.” त्या पाणी प्यायल्या. “अन् तू तरी काहून वाकतोस रे तेवढ्या खाली? गुडघे गेलेत तुझे. रोज कण्हून राहिलास.”

सोनाजीरावांच्या हातातला घास हातातच राहिला. “मी? कुठं?”

“त्या टीव्हीत! रोज महाराज उभे राहतात अन् तू ‘आई गं’ म्हणतोस. मी इथून ‘ओ’ देते. अन् लगेच अंधार होतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, ह्यानं हाक मारली अन् दिवा गेला, पोराला काय झालं का काय! शेजारच्या मीनाला तुझा फोन लावायला सांगितला, तर फोन टोपल्यात.”

मी पोळी खाली ठेवली. सोनाजीरावांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग अगदी हळू, चाचणी घेतल्यासारखं म्हणाले, “आई गं...”

“ओ,” नर्मदाबाई म्हणाल्या.

तोच आवाज होता. तेवढंच दुःख होतं.

* * *

मी मोटारसायकल काढली. मांडवात समरीन आणि इस्माईलभाई होते, आणि आपल्या पुतण्याला मांडवाची मापं फोनवर सांगत असलेले गुलाबचंद शेठ होते. मी सरळ जाऊन टेबलावरचं भगवं कापड उचललं.

खाली सोनाजीरावांचं रिकामं टोपलं होतं. टोपल्याशेजारी आखाडा बाळापूरच्या बाजारातून आणलेला दुसरा हब होता, पांढरा, सात भोकांचा. त्याला चार्जिंगच्या वायरींचा झुबका लटकलेला, भाजीच्या जुडीसारखा. आणि त्या पांढऱ्या हबची शेपटी टेबलामागून वर जाऊन समरीनच्या काळ्या हबच्या चौथ्या भोकात घुसलेली.

समरीन गुडघ्यावर बसली. झुबका हातात घेऊन बघितला. मग वर बघत म्हणाली, “काका, तुमी इथं मोबाईल चार्ज करून राहिले?”

“लोकांची सोय!” सोनाजीराव म्हणाले. “गावात लाईटचा भरवसा नसतो. मोबाईल नुसता जमा करा म्हटलं तर कोण देतो? चार्ज करून देतो म्हटलं तर रांग लागली. पहिल्या दिवशी माझं टोपलं भरून वाहिलं!”

आता माझ्या सत्संगाच्या परिणामाचा खुलासा झाला. माझा स्वतःचा मोबाईल रोज कीर्तनानंतर तरतरीत होऊन परत येत होता, आणि मी ती देवाची कृपा समजत होतो.

“पण बोर्ड होता की तिथं!” इस्माईलभाई ओरडले. “जनरेटरचा बोर्ड! त्याला लावायचं!”

“बोर्डाला मंडळाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा ठराव आहे,” सोनाजीराव ताठ उभे राहून म्हणाले. “मी सरकारी माणूस. नियम मोडत नाही. हब म्हणजे बोर्ड नव्हे.”

समरीनने कपाळाला हात लावला. रागावली असेल असं मला वाटलं, पण ती हसत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं. “या डबीला स्वतःची वीज न्हाई हो काका. लॅपटॉप देईल तेवढ्या घोटभरावर ती कॅमेरा पण चालवते अन् मिक्सर पण. त्यावर तुमी अख्ख्या गावाला पाजून राहिले. एवढे मोबाईल लागले की लॅपटॉप घाबरून तिचं तोंडच बंद करतो. तीच ती पाटी येत होती, पॉवरची. मला पण वाटलं जनरेटर. अन् ही चौथी वायर अब्बूची समजून मीच रोज परत लावत होते.”

मी झुबक्यातल्या वायरी बघत होतो. एक हिरवी वायर माझी होती, दुकानातून हरवली म्हणून मी आठवडाभर शोधत होतो ती. शेजारच्या दोन सोनेरी वायरी सगळ्या गावाला माहीत होत्या, कारण त्या लिलावात शेठांच्या खिशातून लोंबताना दिसत. गुलाबचंद शेठ पुढं झाले, त्या दोन्ही काढून खिशात घातल्या आणि फोनवर पुतण्याला म्हणाले, “नंतर लावतो.” मग इतर मंडळी येऊ लागली. प्रत्येकजण खाली वाकून आपापली वायर घेऊन जात होता, आणि प्रत्येकाला दुसऱ्या कोणाच्या वायरीचं आश्चर्य वाटत होतं. समरीनला कोणी काही म्हणालं नाही.

शेवटी तीन तोंडांची एक जाड काळी वायर उरली. सगळ्यात जाड. ती घ्यायला कोणीच आलं नाही.

“ही कोणाची?” मी विचारलं.

सोनाजीरावांनी इकडंतिकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, “महाराजांची. दोन मोबाईल अन् एक बॅटरीची वीट. मी रोज तीच पहिली लावत असतो. मान असतो.”

* * *

काल्याचा दिवस उजाडला. मांडव गच्च भरला होता. महाराजांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मंडळात ज्याला त्याला वाटत होतं की दुसरा सांगेल. महाराज मंचाकडे निघाले आणि रोजच्यासारखा त्यांनी दोन मोबाईल आणि ती वीट सोनाजीरावांच्या हातात दिली. “जरा लावून ठेवा हो. रात्रभर फोन चालू होते, आता जीव न्हाई त्यात.”

सोनाजीराव टेबलापाशी आले. तळहातांवर महाराजांचे मोबाईल, प्रसादासारखे. गुलाबचंद शेठ पहिल्या रांगेतून बघत होते. म्हणाले, “महाराजांचं न्हाई म्हणायचं नसतं. एवढं एक लावायला काय होतं?”

समरीन त्या दिवशी मिक्सरपाशी गेली नव्हती; टेबलाला पाठ लावून उभी होती. समोर माणसं, मागं लॅपटॉप. तिचा आवाज बारीक झाला होता, पण मृदंग थांबलेला असल्यामुळे सगळीकडं गेला.

“न्हाई लावणार,” ती म्हणाली. “महाराजांचं पण न्हाई.”

मी टाळांवर बोटं घट्ट धरली. इस्माईलभाई मिक्सरपाशी उभे होते ते खाली बसले.

महाराज मंचाच्या पायरीवर थांबले. “काहून गं लेकरा?”

तिने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, घोटभर विजेचं आणि अख्ख्या गावाचं. आणि शेवटी म्हणाली, “तुमचं सगळ्यात जास्त ओढतंय, महाराज.”

मला वाटलं आता हे निघून जातात. महाराजांनी ते मोबाईल सोनाजीरावांच्या तळहातांवरून उचलले, बंद केले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले. मग मंचावर उभे राहिले, आणि कीर्तन सुरू झालं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालू होता. थाप पडली, टाळ जुळले, दिवा चालूच होता.

दृष्टांताची वेळ आली तेव्हा महाराज नेहमीचा काल्याचा दृष्टांत सोडून म्हणाले, “आमच्या घरी एक थोरली वहिनी होती. माझं धोतर तिनं धुवायचं, धाकट्याचा डबा तिनं भरायचा, म्हाताऱ्याची औषधं तिनं द्यायची, पाहुण्यांचा चहा तिच्याकडं. प्रत्येकाला वाटायचं, माझं एवढंसं काम, त्यानं काय होतं? अन् तिला कोणी विचारलं न्हाई की बाई, तू जेवलीस का. एक दिवस ती चुलीपुढं बसली अन् उठलीच न्हाई. मग आमी काय म्हणालो? म्हणालो, हिला काय झालं, आळशी झाली का काय!”

मांडवात श्वास धरला गेला. तो माझा श्वास. त्याच्यासाठी मी वर्षभर थांबतो.

“त्या टेबलावर एक डबी हाय,” महाराज म्हणाले. “तिचं तसंच झालं. आपण सगळे तिच्यावर लटकलो, ओढत राहिलो, अन् ती बंद पडली तर ज्यांनी दिवे लावले त्यांनाच चोर म्हणालो. चोर शोधत होता न्हवं तुमी? पहिला चोर तुमच्यापुढं उभा हाय. मोबाईल ठेवा म्हणालो, अन् सगळ्यात आधी माझाच लावायला दिला.”

त्यांनी कान धरले. आधी समरीनकडे बघून, मग मिक्सरकडे बघून. मांडवात कित्येक म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. टाळ माझ्या हातात होते. माझंही तेच झालं, पुसायला हात मोकळा नव्हता.

सोनाजीराव माझ्या कानाशी झुकले. “बघितलं? गुन्हेगाराची भर मांडवात कबुली. चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी मिळाली नव्हती.”

“पण शोधलं तर तुमच्या आईने.”

“माझ्याच खात्याच्या आहेत त्या,” सोनाजीराव म्हणाले.

* * *

काला फुटला, लाह्या वाटल्या, माणसं पांगू लागली. गुलाबचंद शेठ टेबलापाशी आले. महाराजांनी कान धरल्यावर त्यांना गप्प बसणं बरं दिसत नव्हतं, आणि बोलणं तर त्याहून जड जात होतं. “समरीन, पुढच्या सालचं लाईव्ह तुझ्याकडंच बरं का. माईक पण. आमचं मन मोठं हाय.”

“पुतण्याला विचारलं का शेठजी? मापं घेऊन झाली त्याची.”

“त्याचं सोड. तू येशील न्हवं?”

“येईन. पण बोर्डावर माझ्या डबीच्या चार्जरला एक जागा पाहिजे. चार्जर मी आणते, तुमी ठराव करा.”

“करू. आत्ता करू. झाला ठराव.” शेठ जायला वळले.

एवढ्यात सोनाजीरावांचा मोबाईल वाजला. तो आता त्यांच्या स्वतःच्या खिशात होता, आणि सवयीने त्यांनी स्पीकर लावला.

“सोन्या,” नर्मदाबाई म्हणाल्या, “ते अजून चालूच हाय रे. मला सगळं दिसून राहिलं. त्या शेठला म्हणावं, ठराव झाला, पण पोरीची माफी मागितलेली मी ऐकली न्हाई. का माझ्याकडं आवाज येत न्हाई?”

आम्ही सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. हिरवा दिवा चालू होता. पुण्याची पोरं, शेतावरचे राखणदार, ओढ्यापलीकडचं गाव, सगळे त्या दिव्यामागं बसलेले.

गुलाबचंद शेठांनी टोपी सारखी केली. सदऱ्याची वरची गुंडी लावली. कॅमेऱ्यापुढं सरळ उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि लिलावाचा आवाज होता होईल तेवढा खाली आणून म्हणाले, “बेटी, आमची चूक झाली. इस्माईलभाईला पण आमी नाहक बोललो. माफ कर.”

“शेठजी,” टेबलाच्या दुसऱ्या बाजूने समरीन म्हणाली, “मी इकडं हाय.”